दुसरा डबा

“दार पिवळं आहे आणि सीट पांढरी,” असं दंतवैद्य म्हणाला तेव्हा मी हसलो. गिऱ्हाईकांचं हे असंच असतं. गाडी तीन आठवडे माझ्या शेडमध्ये उभी असते, तेवढ्या दिवसांत ते मनातल्या मनात तिला इतकी सजवून ठेवतात की समोर आलेली गाडी त्यांना परक्याची वाटते, आणि काहीतरी खोड काढल्याशिवाय त्यांना किल्ली घेववत नाही. मी फडक्याला हात पुसत म्हणालो, “डॉक्टर, दारावर सावली आहे. उघडून बघा.” त्याने दार सताड उघडलं. पन्नास वर्षांची गाडी, बाहेरून काळी, आतून क्रीम, त्याच्या वडिलांनी घेतलेली आणि त्यांच्या माघारी याने ताडपत्रीखाली जपलेली. सकाळचं अकराचं ऊन होतं, रंग बघायला याहून चांगला उजेड नाही. तो वाकला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “आता तर जास्तच दिसतंय हो.” मीही वाकलो. सीट पाहिली, दार पाहिलं, पुन्हा सीट पाहिली. एकच रंग होता. चौतीस वर्षं हा धंदा केल्यावर दोन क्रीममधला फरक मला कोण सांगणार, तर जो दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतो तो. मला राग यायला लागला होता.

पण तोंडात डोकावणाराही रंगच बघत असतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने बॅगेतून एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीने सोळा दात बसवलेले, प्रत्येकाला बारीक दांडी. नवीन दात बसवायचा तर शेजारच्या दाताशी रंग जुळवावा लागतो, त्यासाठीची ही पट्टी, असं त्याने मला समजावलं. एक दात त्याने सीटला टेकवला. दुसरा दाराला. “सीटला हा लागतो, दाराला हा. मध्ये निदान चार घरं आहेत.” मला दोन्ही दात सारखेच दिसत होते. दात कसले, दोन तांदूळ. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार, कारण त्याने वाद घातला नाही. पट्टीतले आठ दात उपसून त्याने माझ्या टेबलावर पांढऱ्या फडक्यावर पसरले आणि म्हणाला, “गंमत म्हणून लावून दाखवा. फिक्यापासून पिवळ्यापर्यंत.” मी चुटकीसरशी लावले, थोडे ऐटीतच. त्याने ओळ पाहिली. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने एकेक दांडी उलटी करून तिच्यावरचा आकडा वाचला, सगळे दात गोळा करून पट्टीत जागच्या जागी बसवले आणि पेशंटशी बोलतात तसल्या मऊ आवाजात विचारलं, “कधीपासून आहे हे?” मी म्हटलं, “काय?” तो म्हणाला, “डोळ्यांचं.”

आमच्या कामात एक नियम आहे आणि तो उस्तादाने मला पहिल्या आठवड्यात शिकवला होता: एका गाडीचा रंग एकाच डब्यात कालवायचा. सीट, दारं, छत, हातटेकणी, सगळ्याला पुरून उरेल एवढा, एकदाच. रेक्झिन आधी साबणाने आणि मऊ ब्रशने धुवायचं, शिवणींतला पन्नास वर्षांचा घाम आणि पॉलिश काढायचं, स्पिरिटने पुसायचं, पकड यावी म्हणून अस्तराचा हात द्यायचा आणि मग स्प्रेने पातळ पातळ रंग, एक वाळल्यावर दुसरा. यातलं सगळं कुणीही शिकतं. रंग कालवणं शिकता येत नाही. मागची सीट उचलली की तिच्या पाठीशी दोन बोटांची एक पट्टी असते, जिला जन्मात ऊन लागलेलं नसतं. तो गाडीचा खरा रंग. तिच्याशी जुळवायचा. पांढऱ्यात पिवळा थेंबाथेंबाने, किंचित तपकिरी, आणि काडीच्या टोकावर मावेल एवढा काळा. पलीकडच्या गल्लीत हेच काम करणारा माझा जोडीदार थेंब मोजून वहीत लिहून ठेवतो. मी त्याची आयुष्यभर टिंगल केली. म्हणायचो, पुस्तकात बघून स्वयंपाक करणाऱ्याच्या हातची भाजी कधी चांगली लागलीय का? मी थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचो, नख त्या पट्टीवर टेकवायचो, आणि नख दिसेनासं झालं की झालं. दंतवैद्याच्या गाडीत मागच्या सीटवर एक जुना डाग पुन्हा पुन्हा वर येत होता म्हणून तिला दोन हात जास्त दिले, आणि दारांच्या वेळी डबा रिकामा झाला. मी दुसरा डबा कालवला. उस्ताद असता तर त्याने सगळी सीट पुसायला लावून पहिल्यापासून करायला सांगितलं असतं. पण माझं नख दिसेनासं झालं होतं. मी डोळे झाकून विश्वास ठेवावा असा माझा डोळा, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तिने अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात उजेडाची फट सोडली आणि दोन मिनिटांत निकाल दिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिवळा पडलेला. “तुम्ही पिवळ्या काचेतून बघताय,” ती म्हणाली. “आणि सवय झालीय, म्हणून काच पिवळी आहे हे कळत नाही. फिकट पिवळं, पांढरं, क्रीम, हे सगळं एकात एक जाणार.” मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, “हळूहळू येतं. दोन वर्षं असेल, चार असेल.” मी म्हटलं, नक्की सांगा. ती लिहिता लिहिता थांबली. “नक्की कशाला हवंय, काका? ऑपरेशन करून टाकू. पुन्हा पहिल्यासारखं दिसेल.” हे तिने आनंदाने सांगितलं. पुन्हा पहिल्यासारखं दिसून मी काय बघणार होतो? जे बघायचं होतं ते दीड वर्षापूर्वीच घरातून गेलं होतं. तिला हे कसं सांगायचं? मी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि चालत निघालो. रस्त्यात प्रत्येक पांढरी गोष्ट मला लबाड वाटत होती. भिंती, शर्ट, शाळेच्या फाटकावरची ताजी अक्षरं. हे सगळं पांढरं आहे असं मला वाटत होतं एवढंच, त्याला पुरावा नव्हता.

ही, माझी बायको, रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायची. चहाचं आधण ठेवलेलं असायचं. म्हणायची, “अहो, बघा बरं, माझे डोळे पिवळे वाटतात का?” मी पेपर खाली ठेवायचो, उठायचो, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे करायचो आणि अंगठ्याने खालची पापणी ओढायचो, शिवण उघडून बघतात तशी. आणि निकाल द्यायचो. “पांढरे आहेत. स्वच्छ. काहीतरी मनात घेऊन बसतेस.” पहिल्या दिवशी मी चेष्टाही केली होती, म्हटलं, पिवळे झाले तर फुकटात रंगवून देईन. ती हसली होती. मग ती अंग खाजवायला लागली. हात, पोटऱ्या, पाठ. मी नवीन साबणाला दोष दिला आणि जुना आणून दिला. रोज सकाळी तोच प्रश्न आणि रोज तोच निकाल, असे चार आठवडे. चौथ्या आठवड्यात माझी मेहुणी दुसऱ्या गावाहून आली, दारात पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, “ताई, अगं तू हळदीसारखी पिवळी झालीयेस!” मी आतून ओरडलो की तुला घरातल्या पडद्याचा रंग धड निवडता येत नाही. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “भाऊजी, तुम्ही आंधळे आहात का?” रागात माणूस काहीही बोलतो, असं मी तेव्हा धरून चाललो. दुसऱ्या दिवशी तीच हिला दवाखान्यात घेऊन गेली. गाठ पित्ताच्या नळीपाशी होती. सर्जनने चित्र काढून दाखवलं, म्हणाला, पिवळेपणा दिसल्या दिवशी आला असतात तर कदाचित काढता आली असती. आता ती पसरली आहे. त्या ‘कदाचित’शी मी दीड वर्ष झगडत होतो, पण ते झगडणं वेगळं होतं. तेव्हा मला वाटायचं की हिचा पिवळेपणा उशिरा आला, एका रात्रीत आला, मेहुणी आली त्याच दिवशी आला. आधी नव्हताच. असता तर मला दिसला असता. मेहुणी अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मी तिला मनातून मूर्ख म्हणत आलो.

आता प्रश्न एवढाच होता: त्या चार आठवड्यांत माझे डोळे कसे होते? दोन वर्षं की चार वर्षं, डॉक्टरीण सांगू शकत नव्हती. फोटो बघून उपयोग नव्हता, बघणारे डोळे हेच. त्या दिवसांत रंगवलेल्या गाड्या आठवून पाहिल्या, एक गावाबाहेर गेली होती, एक विकली गेली होती. आणि मालकांना फोन करून काय विचारणार, तुमच्या गाडीचा रंग चुकलाय का हो? मी शेडमध्ये न जाता सरळ घरी आलो. चहा टाकला, तो उतू गेला, ओटा पुसला. मग टेबलाशी बसलो आणि बसल्यावर लक्षात आलं की मी पुराव्यावरच बसलोय.

आमच्या घरात जेवायच्या टेबलाला दोनच खुर्च्या आहेत, क्रीम रेक्झिनच्या. एक मी चार वर्षांपूर्वी रंगवली होती, कुठल्याशा गाडीच्या उरलेल्या रंगाने, तेव्हा आमची मुलगी ठकी आमच्याचकडे राहत होती आणि तिने त्या खुर्चीवर शाई सांडली होती. दुसरी त्या वर्षी, हिचं विचारणं सुरू व्हायच्या महिनाभर आधी. चहाचा डाग निघत नाही म्हणून हिनेच मागे लागून ती करून घेतली. तिच्यासाठी मी नवीन डबा कालवला, पहिल्या खुर्चीशी जुळवून. मला ती दुपार चांगली आठवते. खुर्ची वाळल्यावर मी हिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि बराच वेळ दोन्ही खुर्च्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “छान झालीय. ओळखूही येत नाही.” त्याच संध्याकाळी तिने एक खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली. तोवर आम्ही शेजारी शेजारी बसून खिडकीतून बाहेर बघत जेवायचो. टेबल आणल्यापासून तेवीस वर्षं तसंच. मी विचारलं तर म्हणाली, “समोरासमोर बसलं की बोलता तरी येतं.” मला ते इतकं आवडलं होतं की मी ते जोडीदारालाही सांगितलं होतं. या वयात बायकोला आपलं तोंड बघत जेवावंसं वाटतं, लहान गोष्ट आहे का?

मी दोन्ही खुर्च्या मागच्या गच्चीत नेल्या. ऊन उतरायला वेळ होता. शेजारी शेजारी ठेवल्या, उलट्या केल्या, अंतर ठेवून पाहिलं, गुडघ्यावर बसून पाहिलं. अंगठ्याचं नख दोन्हीवर टेकवून पाहिलं. शिवणी पाहिल्या, खालचे खिळे पाहिले, सगळं दिसत होतं, अगदी धाग्याचा पीळसुद्धा. रंग तेवढा एकच होता. एकच आहे असं वाटत होतं. मी नकळत देवाला हात जोडायच्या बेतात होतो, की दोन्ही खुर्च्या सारख्या असू देत. त्या सारख्या निघाल्या तर माझे डोळे तेव्हा चांगले होते, मग मी जे पांढरं म्हटलं ते पांढरंच होतं, आणि हिच्या मरणात माझा हात नाही. असा माझा सगळा जीव दोन खुर्च्यांवर टांगलेला होता, आणि मला स्वतःला ते वाचता येत नव्हतं. मी ठकीला फोन केला. म्हटलं, कामावरून परस्पर इकडे ये. ती म्हणाली, “बाबा, बरं आहे ना?” मी म्हटलं, “ये तू.”

माझी मुलगी तिशीला आली तरी ठकीच. लहानपणी मी तिला रेक्झिनचे दोन तुकडे द्यायचो आणि विचारायचो, यातला गरम रंग कुठला, थंड कुठला? तिचं चुकायचं. मी सगळ्यांसमोर सांगायचो, हिचा डोळा कच्चा आहे, आईवर गेलीय. आमच्या घरात रंगाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असायचा. भिंत, पडदा, शाळेचा गणवेश धुतल्यावर विटला की नाही, भाजी करपली की नुसती खरपूस, सगळं माझ्यापुढे यायचं. त्यात मला केवढा मोठेपणा वाटायचा. एकदा ठकीला ताप आला होता आणि अंगावर पुरळ उठलं होतं, तेव्हा डॉक्टरने विचारलं, पुरळ कसलं, गुलाबी की लाल? तर हिने मला शेडमधून बोलावून आणलं होतं. “यांना विचारा,” ती डॉक्टरला म्हणाली होती. जिन्यात ठकीची पावलं वाजली तेव्हा मला तो दवाखाना आठवत होता, आणि मी खुर्च्यांच्या मागे उभा होतो.

ती गच्चीच्या दारात आली, खांद्यावर अजून पर्स. मी म्हटलं, “या दोन खुर्च्या एका रंगाच्या आहेत का?” ती खुर्च्यांकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघत राहिली. तिथेच मला उत्तर मिळालं होतं, पण माणसाला ऐकायचं असतं. ती म्हणाली, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“दातवाल्याने. तू उत्तर दे.”

“ही पिवळी आहे,” ती म्हणाली. “ती जवळजवळ पांढरी.”

“किती फरक आहे? नीट बघ. तुझा डोळा...” मी थांबलो.

“लांबून दिसतो, बाबा. कुणालाही दिसतो.”

“रंगवल्यापासून?”

“रंगवल्या दिवसापासून.” तिने पर्स खाली ठेवली. “मी त्या संध्याकाळी आले होते, आठवतंय? मी बोलणारच होते. आईने मला आत नेलं. म्हणाली, बोलू नकोस, त्यांचं सगळं त्या डोळ्यावर आहे. मी खुर्ची त्या टोकाला नेते, म्हणजे शेजारी दिसणार नाहीत.”

मी जवळच्या खुर्चीवर बसलो. म्हणजे समोरासमोर बसणं ते हे होतं. माझी चूक झाकायला ती टेबलाएवढी लांब जाऊन बसली होती. जीव कळवळला, आणि त्याच क्षणी एक दुसरी गोष्ट थंडपणे जागेवर बसली, दंतवैद्याचा दात दांडीसकट पट्टीत बसावा तशी. खुर्ची आधीची, विचारणं नंतरचं. मध्ये एक महिना. माझे डोळे गेलेत हे हिला ठाऊक होतं. ठाऊक असताना ती रोज सकाळी खिडकीशी उभी राहून मलाच विचारत होती.

“तेव्हा तिचे डोळे पिवळे दिसत होते?” मी विचारलं. “मावशी यायच्या आधी?”

ठकी कठड्याकडे बघत होती. “दिसत होते.”

“तुला दिसत होते?”

“आईलाही. आरसा होता ना घरात. मी एका रविवारी म्हटलं, आई, चल, दाखवून येऊ. तर म्हणाली, बाबा नाही म्हणालेत. मी म्हटलं, आई, बाबांना... तुला माहीत आहे ना. तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.” ठकी रडत नव्हती. हे रडून झालेलं होतं, माझ्यापासून लांब, कधीतरी. “मी ओढून न्यायला हवं होतं. मावशीने नेलं तसं.”

मी म्हटलं, “मग मला कशाला विचारायची ती रोज?”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

“तुम्ही नाही म्हणायचात ना, बाबा,” ठकी म्हणाली. “म्हणून.”

मला हलकं वाटायला हवं होतं. दोष वाटला गेला होता, तीन जणांत. पण मला नुसती तिची हनुवटी आठवत होती, बोटांत धरलेली, आणि पापणी ओढल्यावर ती जराही डोळा न मिटता माझ्याकडे कशी बघायची ते. मला वाटायचं ती निकालाची वाट बघतेय. ती घाबरलेली होती. ती भीती काही पिवळी नव्हती, तिच्यासाठी मोतीबिंदूची सबब चालणार नाही. ती मला दिसायला हवी होती. मी चार आठवडे तिच्या डोळ्यांत बघितलं आणि फक्त रंग बघितला.

“यातली तिची कुठली?” मी विचारलं. “ती बसायची ती?”

“ही,” ठकी म्हणाली आणि मी बसलो नव्हतो त्या खुर्चीच्या पाठीवर तिने हात ठेवला. “दुसरी. पिवळी.”

मी उठलो, तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि खुर्ची उलटी केली. खालच्या लाकडावर माझ्याच हाताचे खिळे होते, एका रेषेत. जन्मात मी कुठल्या डब्यावर कधी काही लिहिलं नव्हतं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं, पिवळी. मग दोन्ही खुर्च्या आत नेल्या, आणि पिवळी टेबलाच्या हिच्या टोकाला ठेवली.